रिकाम्या स्ट्रिंगमधून पहिले अक्षर कसे मागावे

नावांच्या यादीतून आद्याक्षरे काढणारा पायथॉनचा प्रोग्रॅम कित्येक महिने सुरळीत चालतो आणि एके दिवशी ‘स्ट्रिंग इंडेक्स आउट ऑफ रेंज’ असे म्हणून अडतो, तेव्हा बहुधा यादीत कुठेतरी रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, शिरलेली असते. पाच अक्षरांच्या इंग्रजी शब्दात 0 ते 4 हे इंडेक्स, म्हणजे अक्षरांचे क्रमांक, चालतात. लांबीच 0 असेल तर 0 चालत नाही आणि शेवटचे अक्षर देणारा -1 देखील चालत नाही.

‘सुनीता जाधव’ हे नाव टंकताना मध्ये चुकून दोन स्पेस पडल्या आहेत असे समजा. एका स्पेसवर स्प्लिट केले, म्हणजे मजकूर तोडला, की दोनऐवजी तीन तुकडे हाती येतात आणि त्यांतला मधला रिकामा असतो; त्याचे [0], म्हणजे पहिले अक्षर, मागताच प्रोग्रॅम थांबतो. अशा वेळी स्प्लिटच्या कंसात काहीच देऊ नये, म्हणजे स्पेस कितीही असल्या तरी रिकामा तुकडा उरत नाही. स्वल्पविरामावर तोडताना ही सोय नाही. तेथे रिकाम्या स्ट्रिंगमधूनही एक रिकामा तुकडा असलेली यादी मिळते, म्हणून यादीची लांबी पाहून निर्धास्त न होता प्रत्येक तुकडा तपासावा.

तपासण्यापूर्वी स्ट्रिप करावे, म्हणजे दोन्ही टोकांच्या स्पेस काढाव्यात, कारण नुसत्या स्पेस असलेली स्ट्रिंग पायथॉनच्या लेखी रिकामी नसते. नाव रिकामे नाही आणि ते ‘स’ने सुरू होते, या दोन्ही गोष्टी एकाच अटीत पाहायच्या असतील तर ‘इफ नाव अँड नाव[0] == "स"’ हाच क्रम ठेवावा; डावी बाजू खोटी ठरली की अँड उजवीकडे वळतच नाही. (‘सुनीता’चे [0] ‘सु’ देत नाही, नुसता ‘स’ देते, कारण उकार हा वेगळा कोडपॉइंट, म्हणजे संगणकाच्या लेखी स्वतंत्र चिन्ह, आहे.) सुरुवात तेवढी पाहायची असेल तर स्टार्ट्सविथ पुरेसे आहे.

नाव[:1] हा स्लाइस, म्हणजे सुरुवातीचे एक अक्षर कापून घेणारा तुकडा, रिकाम्या स्ट्रिंगवर चूक न देता रिकामी स्ट्रिंगच परत करतो. वडिलांचे किंवा पतीचे नाव ऐच्छिक असेल तर तो वापरावा. आडनाव सक्तीचे असेल तर मात्र वापरू नये, कारण तेथे ओळ क्रमांकासह स्पष्ट सूचना देऊन थांबणेच योग्य ठरते. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा रिकाम्या स्ट्रिंगचे [0] मागितले तरी थांबत नाही, आणि आद्याक्षराच्या जागी ‘अनडिफाइंड’ छापलेले ओळखपत्र हाती आल्यावरच चूक कळते.