दोन लाख किलोमीटरपुढची पिकअप हंगामाला काढण्याआधी

द्राक्षं निघायच्या तोंडावर पिकअप तपासायची असेल तर आदल्या रात्रीवर ढकलू नका, आठवडाभर आधी हात घाला. बोलेरो पिकअपचा मीटर दोन लाखांच्या पुढे गेला की काही ना काही निघतंच, आणि तालुक्याच्या दुकानात हवं ते सील लगेच मिळेलच असं नाही. गाडी सपाट जागी लावा. उतारावर घेतलेलं माप खोटं.

बॉनेट नंतर. आधी मागच्या हाउसिंगखाली शिरा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या, डिफरन्शियलचे गिअर असलेल्या लोखंडी गोळ्याखाली. डिफरन्शियलच्या ऑइलला गेजपट्टी नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही, म्हणून ते कोणी बघत नाही. मागच्या हंगामात माझंही हेच राहिलं आणि आतले मुख्य गिअर, क्राऊन-पिनियन, बदलावे लागले. सर्व्हिसिंग झालंय म्हणजे हेही झालं असेल असं धरून चालू नका. स्वतः बघा. वरचा, भरायचा प्लग आधी सैल करा. तो गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालचा काढून तेल सांडून दिलंत, तर भरणार कुठून? प्लग निघाला की बोट घाला. तेल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात तापलेली गाडी ओढ्यातून काढली की हाउसिंगमधली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. असं तेल त्याच दिवशी बदला. खालच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लेप चालतो, लोखंडाची कपची चालत नाही. कपची दिसली की हाउसिंग उघडायलाच हवं.

ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड, तेही साफ करा. तो चिखलानं बुजला की आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो, ते ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेकचे लायनर भिजतात. भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट डाग असेल तर ड्रम उघडून बघितल्याशिवाय माल भरू नका.

हाउसिंगचं उरलेलं तेल गिअरबॉक्सात ओतायचं नाही. हाउसिंगला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ सांगितलं असेल तर तेच घाला, कारण जीएल-५ मधली गंधकाची रसायनं गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खातात.

आता इंजिन ऑइल. डिझेल गाडीत ते काळं होणारच, रंगावर जाऊ नका. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पुसून परत घाला आणि बघा. पातळी थोडी उतरली असेल तर भरता येते, पण न भरता चढली असेल तर गाडी चालू करू नका. आत डिझेल नाही तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरचं पाणी, जातंय. पट्टीचा वास घ्या, डिझेल लगेच कळतं.

कूलंट गार असतानाच उघडा. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासून घ्या. बोअरचं पाणी घालू नका. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ झाली की पेडल खाली बसतं. दोन वर्षं झाली असतील तर बदला, तेही सीलबंद डब्यातलं. पातळी नुसतीच उतरली असेल तर भरण्याआधी लायनर बघा.

स्टिअरिंग ऑइलला फेस नको. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. बेअरिंगला ग्रीस.

हे सगळं झालं की रिकामी गाडी एक चक्कर फिरवून आणा आणि रात्री खाली पुठ्ठे टाकून उभी करा. सकाळी मागच्या हाउसिंगखालचा पुठ्ठा आधी ओढून बघा. डाग असेल तर प्लगचा वॉशर बदलून पातळी पुन्हा बोटानं तपासा, मगच क्रेट चढवा.