घड्याळाशी बोलून नोंदी ठेवताय? या चुका टाळा

"गोळी घेतली." स्मार्टवॉचवर बोलून केलेल्या माझ्या नोंदीत एवढंच उमटलं होतं. मी बोललो होतो, "गोळी घेतली... नाही अजून." मध्ये शिंक आली, घड्याळाला वाटलं वाक्य संपलं, आणि रेकॉर्डिंग बंद. मराठीत नकार बहुधा शेवटी येतो, त्यामुळे नेमका तोच गळतो. आता मी "चुकली सकाळची गोळी" असं म्हणतो. पण बटण दाबल्याबरोबर बोलायला लागलात तर पहिला शब्दही जातो, म्हणून घड्याळ थरथरेपर्यंत थांबा.

दुसरी चूक वेळेची. नोंदीवर वेळ पडते ती बोलल्याची, घडल्याची नव्हे. रात्री अंथरुणावर पडून अख्खा दिवस एका दमात सांगितला, तर सकाळचं फिरणंही रात्री अकराच्या खात्यात जमा! "मघाशी चाललो" ही नोंद तर आठवड्याने वाचून पाहाच. मघाशी म्हणजे कधी? आणि चाललो म्हणजे फिरून आलो की निघालो? "चालणं, सकाळी साडेसहा ते सात" असं रुक्ष बोललेलंच पुढे कामाला येतं. शब्दही ठरवून घ्या. आज "जेवलो", उद्या "जेवण झालं", परवा "खाल्लं" असं केलंत तर शोधताना एकच सापडेल. "पाऊण तास" ऐवजी "45 मिनिटं" म्हणा, बेरीज करता येते.

कानात ब्लूटूथ इअरबड असतील तर आवाज बऱ्याचदा घड्याळाच्या नव्हे, त्यांच्या माइकवरून जातो. जुन्या पद्धतीच्या कॉल-जोडणीत आवाजाचे सेकंदाला फक्त 8,000 नमुने घेतले जातात, म्हणजे त्याच्या निम्म्या, 4,000 हर्ट्झच्या वरचे सगळे उंच सूर कापले जातात. 'स', 'श' यांचा बराचसा जोर तिथेच असतो. 'साठ'चा 'स' पुसट झाला की उरतं 'आठ'. नव्या जोडणीत 16,000 किंवा जास्त नमुने असतात, तिथे हा त्रास कमी. शंका आली तर इअरबडची जोडणी तोडून घड्याळावरच बोलून पाहा.

आवाज अचानक घोगरा, दबका येतोय? हात धुतल्यावर किंवा घामाने माइकच्या भोकात ओल राहिली असेल. वाळू द्या. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो. मनगट तोंडापासून वीतभर लांब धरा. ओठांना टेकवलं की 'प' आणि 'फ' नुसते फुत्कार होतात.

मराठी बोललेलं इंग्रजीत भलतंच उमटत असेल, तर घड्याळ आणि फोन दोन्हीकडची आवाजाची भाषा तपासा. कीबोर्ड मराठी असला म्हणून ती आपोआप बदलतेच असं नाही.

आणि बोललेलं अक्षरांत उमटलं म्हणून मूळ आवाज लगेच पुसू नका. ॲपमध्ये सोय असेल तर आठवडाभर ठेवा. साठ की आठ, ते ऐकूनच कळतं.