मनिलात ब्लॉकटाइम घेताना: नवख्यांसाठी हिशोब, करार आणि खाचखळगे

फिलिपिन्समध्ये टीव्हीचं काम शिकायला लागलं की ‘ब्लॉकटायमर’ हा शब्द लगेच कानावर पडतो. नेटवर्कला ठरलेली रक्कम देऊन वेळ घ्यायची, कार्यक्रम आपला, जाहिराती आपणच विकायच्या, नफा-तोटाही आपलाच. दूरदर्शनला टेलिकास्ट फी भरून एफसीटी (कार्यक्रमातला जाहिरातींचा वेळ) विकणाऱ्या आपल्याकडच्या निर्मात्यांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल. मात्र तिथे तो छोट्या निर्मात्यांपुरता नाही. एबीएस-सीबीएन या मोठ्या नेटवर्कच्या फ्रँचायझीची (संसदेने दिलेल्या प्रसारण परवान्याची) मुदत ४ मे २०२० रोजी संपली आणि जुलैत संसदीय समितीने नवी नाकारली. मग ऑक्टोबरपासून झोई ब्रॉडकास्टिंगच्या चॅनेल ११ वर ‘ए२झेड’ या नावाने आणि जानेवारी २०२१ पासून टीव्ही५ वर हीच कंपनी कार्यक्रम पुरवू लागली.

नवखे लोक कथा, कलाकार, सेट यांपासून सुरुवात करतात. सुरुवात जाहिरातीच्या मिनिटांपासून करावी. ब्रॉडकास्टर्सची संघटना केबीपी हिच्या संहितेनुसार मेट्रो मनिलात टीव्हीवर तासाला जास्तीत जास्त १८ मिनिटं जाहिराती चालतात. त्यातली काही नेटवर्क स्वतःकडे ठेवतं. समजा, तुमच्या वाट्याला १४ मिनिटं आली, म्हणजे ३० सेकंदांचे २८ स्पॉट. वेळेची किंमत तासाला ६ लाख पेसो आणि निर्मिती ४ लाख धरा (आकडे केवळ उदाहरणासाठी). सगळे स्पॉट विकले जातील असं कधीच धरू नका. ६० टक्के, म्हणजे साधारण १७ धरा. १० लाख भागिले १७, म्हणजे स्पॉटमागे सुमारे ५८,८०० पेसो हाती पडायलाच हवेत. एजन्सीचं १५ टक्के कमिशन वजा होतं, म्हणून दर निदान ६९,२०० ठेवावा लागतो, तोही १२ टक्के व्हॅट सोडून. तुमच्या वेळेला बाजार हा दर देत नसेल, तर कार्यक्रम कितीही चांगला असो, ती वेळ घेऊ नका. बोनस म्हणून फुकट दिलेले स्पॉटही त्या २८ मधूनच जातात, हे विक्रीवाल्यांना रोज सांगावं लागतं.

करारात सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो प्री-एम्प्शनच्या, म्हणजे नेटवर्कने तुमचा भाग बाजूला सारून दुसरं काही दाखवण्याच्या, कलमाला. चक्रीवादळ आलं, राष्ट्राध्यक्षांचं भाषण लागलं, की तुमचा भाग जातो. त्या दिवसाचे पैसे परत मिळणार, की दुसरी वेळ? दुसरी वेळ असेल तर त्याच दर्जाची का? रविवारी सकाळी सातची वेळ ही रात्री आठची भरपाई नव्हे. पवित्र आठवड्यात गुरुवार ते शनिवार मोठी नेटवर्क नेहमीचं वेळापत्रक बाजूला ठेवतात. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून ते दिवस आकारणीतून आधीच वगळून घ्या.

कार्यक्रमाचं नाव कोणाचं, हेही लेखी हवं. ‘ईट बुलागा!’ हा दुपारचा कार्यक्रम टेप या निर्मिती कंपनीमार्फत १९९५ पासून जीएमए नेटवर्कवर होता. मे २०२३ मध्ये त्याचे सूत्रसंचालक टिटो सोटो, विक सोटो आणि जोई दे लिऑन बाहेर पडले आणि १ जुलैपासून टीव्ही५ वर वेगळ्या नावाने आले. नावाचा वाद बौद्धिक संपदा कार्यालयात आणि न्यायालयात लढवून जिंकल्यावर जानेवारी २०२४ मध्ये त्यांना ते पुन्हा वापरता आलं. जाहिरातदार नावाला पैसे देतो, म्हणून हे कलम दुय्यम समजू नये.

परवानग्यांपैकी एमटीआरसीबी या चित्रपट-टीव्ही परीक्षण मंडळाची सगळ्यात महत्त्वाची. १९८५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश क्रमांक १९८६ नुसार हे मंडळ प्रक्षेपणाआधी कार्यक्रम तपासून जी (सर्वांसाठी), पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाने) किंवा एसपीजी (पालकांच्या कडक मार्गदर्शनाने) वर्ग देतं. अर्ज तुम्ही करायचा की नेटवर्कने, हे करारात नसेल तर भाग तयार असूनही अडकतो. तुमच्यावर सरकारी देणी थकली आहेत का, हेही आधी तपासा. थकबाकीदारांशी ब्लॉकटाइमचे करार करण्याबाबत एनटीसी या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानंतर हा मुद्दा थेट व्यवहाराला भिडतो. भारतीय कंपनीने आणखी एक लक्षात ठेवावं: फिलिपिन्सच्या संविधानात प्रसारमाध्यमांची मालकी पूर्णपणे फिलिपिनो नागरिकांकडे राखून ठेवली आहे. त्यामुळे स्वतः ब्लॉकटायमर होण्याचा घाट न घालता तिथल्या ब्लॉकटायमरला हक्क विकणं बरं.

मुंबईहून माल पाठवताना हमखास घोळ होतो तो फ्रेम रेटचा. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, तिथे २९.९७. घाईत केलेल्या रूपांतरात कॅमेरा वळला की चित्र अडखळतं. मास्टर (अंतिम प्रत) पाठवण्याआधी पॅन असलेली आणि खाली पट्टी सरकणारी दृश्यं मोठ्या पडद्यावर पाहा. टाइमकोड (फ्रेमवर नोंदलेली वेळ) ड्रॉप-फ्रेम, म्हणजे घड्याळाशी जुळवून घेणारा, ठेवा. नॉन-ड्रॉपमध्ये एक तास दिसला तरी प्रत्यक्षात ३.६ सेकंद जास्त जातात आणि प्लेआउटवर शेवटचा स्पॉट कापला जातो.

कापलेल्या स्पॉटचे पैसे कोणी देत नाही. जाहिरातदार प्रक्षेपणाचा दाखला मागतो, आणि त्यानंतरही रक्कम यायला दोन-तीन महिने सहज लागतात. नेटवर्कला मात्र पैसे आगाऊ हवे असतात. तेव्हा पहिल्या तेरा आठवड्यांचं वेळेचं आणि निर्मितीचं भांडवल बाजूला काढल्याशिवाय सही करू नका, आणि नेटवर्कचा लॉग दर सोमवारी आपल्या नोंदीशी ताडून पाहा. महिन्याच्या शेवटी सापडलेली चूक नेटवर्क सहसा मान्य करत नाही.