दोन टेबलांच्या मध्ये अडकणारं काम: पालिका आणि पंचायत समित्यांनी या चुका टाळा

नगरपालिकेत किंवा पंचायत समितीत काम रखडलं की पहिलं बोट निधीकडे जातं, दुसरं रिक्त पदांकडे. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण कितीतरी कामं अडतात ती एका विभागाचं म्हणणं दुसऱ्या विभागापर्यंत न गेल्यामुळे, आणि हे दुरुस्त करायला कुठलाही निधी लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक इतिवृत्तात होते. आढावा बैठकीत डांबरीकरणाचा विषय निघतो, चर्चा होते आणि ‘संबंधित विभागांनी समन्वयाने कार्यवाही करावी’ असं लिहून विषय संपतो. बांधकाम विभागाला वाटतं, पाणीपुरवठ्याने आपली कामं उरकली असतील. पाणीपुरवठ्याला वाटतं, डांबर टाकण्याआधी आपल्याला विचारतील. मग नवाकोरा रस्ता जलवाहिनीसाठी खोदला जातो. लोकांच्या घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा असा वाया जाताना खरंच बघवत नाही.

इतिवृत्तात प्रत्येक विषयापुढे एकच पदनाम आणि एक तारीख लिहा. काम दोन विभागांचं असलं तरी उत्तर देणारा एकच असू द्या. इतिवृत्त दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या हातात द्या. पुढच्या बैठकीच्या तोंडावर सही होऊन आलेल्या इतिवृत्ताचा कुणालाच उपयोग नसतो. रस्त्याच्या कामात तर कार्यादेश देण्याआधी पाणीपुरवठा, भुयारी गटार आणि विद्युत विभागाकडून ‘या रस्त्यावर नजीकच्या काळात खोदकाम नाही’ अशी लेखी टिपणी घ्या आणि ती नस्तीला, म्हणजे कामाच्या फाइलला, लावा.

व्हॉट्सॲप ग्रुप वापरायला हरकत नाही. फुटलेल्या पाइपचा फोटो पाठवायला त्यासारखं साधन नाही. पण निळी खूण दिसली म्हणजे जबाबदारी घेतली असं होत नाही. ग्रुपवर दिलेला आदेश त्याच दिवशी नस्तीवर घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात दाखवायला हाती काही नसतं.

निरोप शेवटच्या माणसापर्यंत जात नाही, ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. उद्या पाणी नाही हे पालिकेच्या फेसबुक पानावर झळकतं आणि व्हॉल्व्हमनला मात्र ते गल्लीतल्या लोकांकडून कळतं. शिव्या त्यालाच खाव्या लागतात. सकाळच्या हजेरीला मुकादमाने दिवसाचे बदल तोंडी सांगावेत आणि हजेरीपुस्तकाशेजारी एक वही ठेवावी. तुंबलेलं चेंबर, गळती, उघडं झाकण सफाई कर्मचाऱ्यांना सगळ्यांच्या आधी दिसतं. ती वही अभियंत्याने रोज वाचून शेरा मारला, तरच लोक तिच्यात लिहितात.

माहिती अधिकाराच्या अर्जांत हीच ढिलाई थेट खिशाला लागते. उत्तराची मुदत ३० दिवसांची. जन माहिती अधिकाऱ्याने दुसऱ्या शाखेकडे लेखी मदत मागितली, तर २००५ च्या कायद्याच्या कलम ५(५) नुसार तो मदत करणारा अधिकारीही जन माहिती अधिकारी मानला जातो. सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये. म्हणून अर्ज आला त्याच दिवशी संबंधित शाखेला पत्र द्या आणि तारखेसह पोच घ्या. सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कागदपत्रं सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत, असलेल्या कार्यालयात प्रतीक्षाधीन प्रकरणांचा गठ्ठा दर आठवड्याला उघडा. दुसऱ्या विभागाच्या उत्तराची वाट पाहणारी पत्रं तिथेच विसरली जातात.

आता बदल्या. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणजे नेमक्या नालेसफाईच्या दिवसांत. नगरपालिकांचे मुख्याधिकारीही राज्य संवर्गातले, त्यामुळे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर खुर्चीवर नवा माणूस येऊ शकतो. कार्यभार यादीत नोंदवह्या, धनादेश पुस्तकं आणि किल्ल्या असतात. कोणता नाला निम्मा साफ झाला, कुठल्या ठेकेदाराला नोटीस गेली, पाणी साचण्याच्या जागा कोणत्या, हे नसतं. यादीला चालू कामांचं एक पान जोडा, प्रत्येक कामापुढे सध्याचा टप्पा आणि माहितगार कर्मचाऱ्याचं नाव लिहा. प्रभागातल्या लोकांना कुणी तोंडी शब्द दिला असेल, तर तोही त्या पानावर उतरवा.