सोयाबीनमधील तणनाशक आणि मुळांवरच्या गाठी

सोयाबीन पेरून पंधरा-वीस दिवस झाले की तणे दोन ते चार पानांवर येतात आणि इमाझेथापायर फवारण्याची वेळ होते. मुळांवर रायझोबियमच्या, म्हणजे हवेतील नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या, गाठी धरण्याचेही हेच दिवस असतात, आणि फवारणीच्या घाईत ते सहसा लक्षात येत नाही. हे तणनाशक तणातील ज्या विकराचे (एन्झाइमचे) काम बंद पाडते, तो विकर जमिनीतील अनेक जिवाणूंमध्येही असतो. शिफारशीप्रमाणे फवारल्यास जिवाणूंवरचा परिणाम बहुधा तात्पुरता राहून काही आठवड्यांत भरून निघतो. खरी काळजी जादा मात्रेची आहे.

दहा टक्के तीव्रतेचे इमाझेथापायर एकरी 400 मिलि, 200 लिटर पाण्यातून द्यावे, म्हणजेच 15 लिटरच्या पंपाला 30 मिलि. पंप कमी लागले म्हणून औषध वाढवणे, किंवा तण उरले म्हणून पुन्हा फवारणे, दोन्ही टाळावे. उरलेल्या तणासाठी वाफसा येताच डवरणी (कोळपणी) करावी. धुऱ्याजवळ (बांधाजवळ) वळताना पंप चालूच ठेवला की तेथे दुप्पट औषध पडते, आणि पिकाची ओळ संपण्याच्या जागी पिवळी पडलेली पट्टी बहुतेक त्याचीच असते.

पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी त्या पट्टीतले एक आणि शेताच्या मधले एक झाड खुरप्याने मातीसकट काढून बादलीत मुळे धुवावीत. झाड उपटू नये, कारण गाठी जमिनीतच तुटून राहतात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-लाल दिसली तर ती नत्र स्थिर करत आहे असे समजावे. पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नसते.

इमाझेथापायर जमिनीतून नाहीसे होते ते मुख्यतः जिवाणूंमुळेच. त्यासाठी त्यांना ओल, ऊब आणि सेंद्रिय कर्ब लागतो. म्हणून पावसाचा मोठा खंड पडलेल्या वर्षी, विशेषतः शेणखत न मिळालेल्या रानात, तणनाशकाचा अंश रब्बीपर्यंत टिकू शकतो. हरभऱ्याला त्याचा त्रास तुलनेने कमी होतो, मोहरी, ज्वारी व भाजीपाल्याला जास्त.

अशी पिके घ्यायची असल्यास सोयाबीन निघताच फवारलेल्या शेतातील चार-पाच ठिकाणची वरच्या अर्ध्या वितीची माती एका कुंडीत, आणि औषध न पडलेल्या जागेची तशीच माती दुसऱ्या कुंडीत भरावी. दोन्हींत मोहरी पेरून पंधरा दिवस सारखे पाणी द्यावे. पहिल्या कुंडीतील रोपे खुजी, पिवळी राहिली किंवा मुळे आखूड निघाली, तर त्या रानात यंदा हरभराच घ्यावा.