एसटीच्या तक्रारी फेसबुकवरनं गोळा करून आगारापर्यंत न्यायच्या कशा

आपल्या सातारा-सांगली भागात एसटीबद्दल लोक रोज लिहितात, गावाच्या फेसबुक ग्रुपवर, इन्स्टाच्या रीलखाली, लोकल बातम्यांच्या यूट्यूब व्हिडिओखाली, स्टँडच्या गुगल मॅप रिव्ह्यूत, पण ते तिथंच राहतं. "एसटीची सेवा बेकार झालीय" एवढ्यावर कुठलाच आगार व्यवस्थापक काही करू शकत नाही. त्याला कळायला पाहिजे कुठली गाडी, कुठला थांबा, किती वाजता आणि कुठल्या वारी. ही चार उत्तरं पोस्टमधनं काढायची, बाकी सगळं त्यानंतर.

शोधताना नुसतं "एसटी" टाकून भागत नाही. कुणी लालपरी लिहितं, कुणी यष्टी, कुणी नुसतं गाडी नायतर डेपो, आणि बरेच जण मराठीच पण इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, त्यामुळं गावांची नावं पण दोन्ही लिपीत, जमतील तेवढ्या स्पेलिंगनं शोधा. "वडाप" (म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी खासगी जीप) हा शब्द तर सोडूच नका. "आता वडाप मिळेल का" असं एकाच फाट्यावरनं सारखं विचारलं जात असेल तर त्या वेळेला तिथं एसटी कमी पडतेय का ते तपासायलाच पाहिजे, भले कुणी तक्रार म्हणून लिहिलेलं नसू दे.

आणि पोस्टपेक्षा कमेंट नीट वाचा. पोस्ट टाकणारा रागात असतो, खाली दुसरा लिहितो "आमच्या इथं पण तसंच, पाचची गाडी भरूनच येते", ह्या एका ओळीत वेळ पण मिळाली आणि कारण पण.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "गाडी मिळाली नाही" ह्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. गाडी आलीच नाही, म्हणजे फेरी रद्द झाली किंवा वाटेत बिघडली. गाडी आली पण थांबली नाही. गाडी थांबली पण पोरांना चढायला जागाच नव्हती. पहिल्याला गाडी आणि ड्रायव्हर-कंडक्टर वेळेवर मिळायला पाहिजेत, दुसऱ्याला आगारातनं थांबायची सक्त सूचना पाहिजे, तिसऱ्याला कॉलेज सुटायच्या वेळेला जादा फेरी पाहिजे. हे तीन एकत्र मोजले तर आकडा मोठा दिसतो पण उपाय एकही सापडत नाही, म्हणून पोस्टमधनं कळत नसेल तर त्या माणसाला कमेंटमध्ये विचारा, लोक सांगतात.

साधी गुगल शीट पुरते. पोस्टची तारीख, प्रसंग कधीचा, मार्ग, थांबा, वेळ, वार, तक्रारीचा प्रकार, प्रवासी कोण (विद्यार्थी, नोकरदार, दवाखान्याला निघालेले) आणि लिंक. नाव लिहू नका, फोटो उतरवून घेऊ नका, शाळा-कॉलेजच्या मुलींच्या पोस्टबाबत तर अजिबात नाही, एवढं पाळाच. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं घ्यायचं असेल तर आधी ग्रुपला विचारा. एकच व्हिडिओ दहा ग्रुपवर फिरला तरी ती तक्रार एकच धरायची.

हे काम एआयवर टाकून मोकळं होऊ नका. "वा, काय सेवा आहे, दीड तास झाला फाट्यावर" ह्याला कौतुक समजलं जाऊ शकतं. शंभर-दोनशे पोस्ट माणसानं वाचायला फार वेळ लागत नाही.

तारखा बघूनच तुलना करा. 2019 आणि 2021 च्या महापुरातल्या पोस्टी वेगळ्या ठेवा, 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत संप होता तो काळ पण वेगळा. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानंतर गर्दीच्या पोस्टीखाली "बायकांमुळं जागा मिळत नाही" असल्या कमेंट दिसतात. त्यातली गर्दी मोजा, दोष देणं मोजू नका, कारण त्या बायका पण प्रवासीच आहेत आणि त्यांना पण उभ्यानंच जावं लागतंय. जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, त्या वेळचा भाड्यावरचा राग फेऱ्यांच्या तक्रारीत मिसळू नका.

जो ऑनलाइन नाही त्याचं काय? माण-खटावात नायतर जत-आटपाडीकडं मुक्कामी गाडीनं सकाळी बाजाराला निघणारी आजी फेसबुकवर लिहीत नाही. 75 च्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, म्हणजे जे गाडीवर सगळ्यात जास्त अवलंबून तेच ह्या शीटमध्ये सगळ्यात कमी. म्हणून बाजारच्या दिवशी स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसलेल्यांना तेच चार प्रश्न विचारा आणि उत्तरं शीटमध्ये वेगळ्या रंगात टाका.

मग ज्या थांब्याचं नाव सारखं येतंय तिथं स्वतः आठवडाभर उभं राहून गाडीच्या वेळा लिहा, फेऱ्या किती सुटल्या किती रद्द झाल्या ते लागलं तर माहिती अधिकारात मागा. आगारात जाताना एकच पान न्या, वर मार्ग आणि वेळ, खाली मागणी एकच, आणि पोच घ्या. शक्यतो मे मध्येच जा, जूनला शाळा सुरू झाल्यावर सगळ्याच गावांची निवेदनं येतात. जे उत्तर मिळेल, नकार असला तरी, ते ज्या पोस्टीखालनं तक्रार घेतली तिथं जाऊन लिहा.