लुकबानचे किपिंग: पाहण्यापासून करण्यापर्यंत

फिलिपिन्समधील लुझोन बेटावर, बानाहाव पर्वताच्या पायथ्याशी, केसोन प्रांतात लुकबान नावाचे एक गाव आहे. दरवर्षी १५ मे रोजी या गावातील ठरावीक रस्त्यांवरची घरे जमिनीपासून छपरापर्यंत भाताच्या लोंब्या, मुळे, वाल, नारळ, मिरच्या आणि केळीचे घड यांनी मढवलेली दिसतात, आणि या सगळ्यांच्या वर, खिडक्यांतून व वळचणीखालून, लाल, पिवळी, हिरवी व राणी रंगाची पातळ पाने झुंबरासारखी लोंबत असतात. ती पाने झाडाची नसून तांदळाची आहेत, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. हेच किपिंग, आणि त्या दिवसाच्या उत्सवाला पाहियास असे म्हणतात. हा उत्सव पाहायला कसे जावे, तेथील घरात पाहुणा म्हणून कसे वागावे आणि घरी किपिंग कसे करून पाहावे, हे पुढे दिले आहे. मनिलामध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना पहिला भाग उपयोगी पडेल, आणि ज्यांच्या घरी सालपापड्या होतात त्यांना शेवटचा.

पाहियास हा सान इसिद्रो लाब्राडोर या शेतकऱ्यांच्या संताचा सण आहे. इसिद्रो हा स्पेनमधील माद्रिदजवळ राबणारा शेतमजूर. तो प्रार्थनेत गढलेला असताना देवदूत त्याचा नांगर चालवीत, अशी त्याची कथा सांगतात. १६२२ साली त्याला संतपद मिळाले, आणि स्पॅनिश राजवटीबरोबर त्याची भक्ती फिलिपिन्सच्या शेतांत पोहोचली. लुकबानमध्ये असे सांगतात की, पूर्वी शेतकरी आपले पीक आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेत असत. पुढे ते तिथे मावेनासे झाले, तेव्हा प्रत्येकाने ते आपल्या दारात मांडावे आणि पाद्रीने रस्त्याने फिरून आशीर्वाद द्यावा, अशी पद्धत पडली. म्हणून सजवलेल्या घरासमोर उभे राहिल्यावर रंगांआधी तिथे टांगलेले पीक पाहावे. भात करणाऱ्याच्या दारात लोंब्या असतात, टोप्या विणणाऱ्याच्या दारात टोप्यांच्या माळा असतात, आणि काही घरांवर लसणाचा वास सुटलेल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, म्हणजे लोंगानिसाची, तोरणे असतात. घर कोणत्या कष्टावर चालते, हे दारच सांगते.

जाण्याची तयारी लवकर करावी. मनिलाहून लुसेना शहरापर्यंत बस मिळते आणि तेथून तायाबासमार्गे जीपनीने, म्हणजे लांबट जीपसारख्या प्रवासी गाडीने, लुकबानला पोहोचता येते. लागुना प्रांतातील सान्ता क्रूझकडूनही जीपनीचा रस्ता आहे. सणाच्या दिवशी गावात वाहन शिरणे कठीण असते, त्यामुळे आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचणे हाच शहाणपणाचा मार्ग, आणि खोली कित्येक आठवडे आधी ठरवावी. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, म्हणजे गावातील निरनिराळ्या गल्ल्यांना सजावटीची पाळी मिळते. मागच्या वर्षीची छायाचित्रे पाहून अमुक एक घर शोधत बसू नये. सकाळी लवकर, सान लुईस ओबिस्पो चर्चमधील मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, आटोपून लोक बाहेर पडतात त्या सुमारास, चालायला सुरुवात करावी. त्या वेळी ऊन कोवळे असते, किपिंगमधून प्रकाश आरपार येतो आणि पानाची शीर न् शीर दिसते. दुपारी गर्दी इतकी होते की मान वर करून पाहणेही अवघड जाते, आणि मे महिन्यात दुपारनंतर सर येण्याचा संभव असतो.

आता पाहुणचाराविषयी. फिलिपिनो सणाच्या दिवशी घराचे दार उघडे असते आणि ओळख नसलेल्या माणसालाही आत बोलावले जाते. उंबऱ्यावरून हाक मारायची तर ‘ताओ पो’ असे म्हणावे. ‘माणूस आलाय हो’ असा त्याचा सरळ अर्थ आहे. आतून ‘तुलोय पो कायो’, म्हणजे ‘या, आत या’, असे उत्तर येईल. यातला ‘पो’ आपल्या ‘अहो’सारखा आदर दाखवतो, तो वाक्यात विसरू नये. घरातील वयस्कर व्यक्ती समोर आली, तर ‘मानो पो’ म्हणून तिचा उजवा हात हळूच हातात घ्यावा आणि त्याची पालथी बाजू आपल्या कपाळाला टेकवावी. आपल्याकडे वाकून नमस्कार करतात, तिथे हात कपाळाशी नेतात; भाव तोच आहे. आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या बाईला ‘आते’ आणि पुरुषाला ‘कुया’ म्हणावे. मराठी कानाला ‘आते’ ऐकून आत्याबाई आठवतात, पण तिथे तो शब्द ताईसाठी आहे.

जेवणाचा आग्रह होतोच. कोणी खात असताना आपण जवळून गेलो तरी ‘काइन पो’, म्हणजे ‘जेवा’, असे म्हटले जाते. पुष्कळदा तो केवळ शिष्टाचार असतो आणि हसून ‘सालामात पो’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हणणे पुरते. मात्र सणाच्या दिवशी घरात बोलावून ताट पुढे केले, तर थोडे तरी खावे. शाकाहारी माणसाला इथे खरी अडचण येते. ‘कार्ने’, म्हणजे मांस, खात नाही असे नुसते सांगितले तर मासे आणि कोळंबी वाढली जाण्याची शक्यता असते, कारण कार्ने या शब्दात ती धरतीलच असे नाही. आणि साध्या दिसणाऱ्या भाजीतही बागुओंग, म्हणजे खारवून आंबवलेली कोळंबी किंवा मासळी, असू शकते. म्हणून ‘हिन्दी पो आको कुमाकाइन नांग कार्ने आत इस्दा’, म्हणजे ‘मी मांस आणि मासे खात नाही’, असे स्पष्ट सांगावे. सुमान हा पदार्थ बहुधा निर्धोक असतो: चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून पानात गुंडाळलेला असतो, आणि कोकणातल्या माणसाला त्याची चव परकी वाटत नाही. शेजारच्या तायाबासमध्ये तर याच दिवशी सुमान गर्दीत उधळतात.

मांसाहार करणाऱ्यांनी पान्सित हाबहाब चुकवू नये. मिकी नावाच्या सुकवलेल्या शेवया डुकराचे मांस, भाज्या आणि रश्शासह परततात आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर देतात. वर व्हिनेगर शिंपडतात. काटा, चमचा, बोटे यांतले काहीही वापरायचे नाही. पान तळहातावर घ्यावे, दोन्ही कडा दुमडून पन्हळ करावी, ती तोंडाशी न्यावी आणि शेवया थेट ओठांनी ओढाव्यात. पहिल्या वेळी मी पन्हळ उलट्या बाजूने तिरपी केली आणि व्हिनेगर कोपरापर्यंत ओघळले. शेजारच्या आजींनी काही न बोलता माझ्या हातातले पान फिरवून दिले. पानाची पुढची कड खाली आणि मनगटाकडची वर, एवढेच त्याचे तंत्र आहे. केसोन प्रांतात नारळाच्या ताडीपासून गाळलेले लांबानोग नावाचे मद्य मिळते. ते देताना एकच पेला सगळ्यांत फिरवला जातो. घ्यायचे नसेल तर पेला हाती येण्याआधीच नम्रपणे सांगावे; एकदा हातात आल्यावर परत करणे जरा अवघड जाते.

एक नियम मात्र काटेकोरपणे पाळावा. दिवसभर दारातले एकही फळ किंवा किपिंगचे पान तोडू नये. ती सजावट स्पर्धेसाठी परीक्षकांनी पाहायची असते आणि मिरवणुकीने तिच्यासमोरून जायचे असते. सगळे आटोपल्यावर सजावट उतरवतात, त्याला कालास म्हणतात. त्या वेळी घरचे लोक देतील ते आनंदाने घ्यावे.

आता किपिंग कसे करावे ते पाहू. त्याची मूळ कल्पना मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. तांदळाचे पीठ पातळ लावून, वाफवून, सोलून वाळवायचे, हे सालपापडीचेच काम आहे, आणि सालपापडीही पूर्वी पानांवर लावत असत. फरक हेतूचा आहे. सालपापडीत पानाचा ठसा उमटला काय, नाही काय, चव तीच राहते. किपिंगमध्ये तो ठसा हेच सर्वस्व असते, आणि सगळी काळजी त्यासाठीच घ्यायची असते.

लुकबानमध्ये काबाल नावाच्या झाडाची पाने पसंत करतात, आणि कॉफी व कोको यांची पानेही वापरतात. आपल्याकडे फणसाचे पान चांगले चालते. जून पण हिरवेगार, भोक नसलेले, तळहाताएवढे पान निवडावे. पाने आदल्या संध्याकाळी देठासह तोडून उभी ठेवावीत, म्हणजे चीक निथळून जातो. मग धुऊन कोरडी पुसावीत. अनोळखी झाडाचे पान अन्नासाठी कधीही वापरू नये.

एक वाटी तांदूळ सहा ते आठ तास भिजवून, साधारण वाटीभर पाणी घालून, गंधासारखा मऊ वाटावा आणि फडक्यातून गाळून घ्यावा. रवा राहिला तर शिरा उमटत नाहीत. चिमूटभर मीठ घालावे. पीठ पळीच्या पाठीवर पातळ पण अखंड थर धरेल इतपत असावे. घसरून जात असेल तर चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळावे. पीठ वेगवेगळ्या वाट्यांत काढून प्रत्येकात खाण्याचा एकेक रंग घालावा. वाळल्यावर रंग बदलतो, म्हणून आधी एकच पान करून, वाळवून, रंग पारखावा आणि मग पुढे जावे.

पान उलटे धरावे, कारण शिरा मागच्या बाजूला उठावदार असतात. देठ चिमटीत धरून त्या बाजूवर पीठ पसरावे आणि पान उभे करून जादा पीठ वाटीत निथळू द्यावे. इथे हात आखडता घेणे महत्त्वाचे आहे. जाड थर सुकताना तडकतो, आणि शिरा त्यात बुडून जातात. देठ धरून पान उजेडासमोर नेले असता हिरवा रंग पिठाखालून जाणवला, तर थर योग्य आहे असे समजावे. मोदकपात्रात पाणी उकळत असताना पाने एकमेकांना न चिकटतील अशी ठेवून दोन ते तीन मिनिटे वाफवावीत. पीठ पांढरट दिसेनासे होऊन पारदर्शक झाले की काढावीत.

गरम असताना सोलण्याचा मोह टाळावा. पान पूर्ण थंड झाल्यावर देठाकडची कड नखाने सैल करावी आणि झाडाचे पान किपिंगपासून सोलावे; किपिंग पानापासून ओढू नये. झाडाचे पान वाकते, किपिंग फाटते, म्हणून वाकणाऱ्यानेच बाजूला व्हावे. सुटलेले किपिंग सावलीत, स्वच्छ फडक्यावर पसरावे. उन्हात ते काही वेळातच वळून कुरकुरीत होते आणि पुन्हा सपाट करता येत नाही. थोडे सुकून अजून लवचीक असताना ती एकावर एक रचून वर पाट किंवा जाड वह्या ठेवाव्यात, आणि रोज फडके बदलत पूर्ण कोरडी होईपर्यंत दाबून ठेवावीत. पावसाळी हवेत हे काम काढूच नये, बुरशी धरते.

झुंबर करायचे असेल तर देठाच्या बाजूला, दाबायला ठेवण्यापूर्वीच, दाभणाने भोक पाडून घ्यावे. बांबूच्या कामट्यांची लहान-मोठी वर्तुळे करून, मोठे वर आणि लहान खाली अशी टांगून, दोऱ्याने किपिंग ओळीने अडकवावे. लुकबानमध्ये याला आरांग्या म्हणतात. वाऱ्यावर ती एकमेकांवर हलकेच आपटून कागदासारखी खुळखुळतात.

रस्त्यावर दिवसभर टांगलेली पाने धुळीने भरलेली असतात, ती खाऊ नयेत. खाण्यासाठी वेगळी ठेवलेली किपिंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि लागतील तेव्हा मध्यम तापलेल्या तेलात एकेक सोडावीत. ती क्षणात फुलतात, म्हणून झारा हातात तयार असावा. लुकबानमध्ये ती व्हिनेगरबरोबर किंवा साखर भुरभुरून खातात; मला साखरेची जास्त आवडतात, आणि ती गरम असतानाच भुरभुरावी लागते, नाहीतर पानावर टिकत नाही.